छायाचित्राची किल्ली कोणाच्या हाती?

८ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने सर्व राज्यांना एक परिपत्रक धाडले. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाईलवरील छायाचित्राने घेण्याची पद्धत मे २०२१ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीची करण्यात आली. त्या पद्धतीचा कसा बोजवारा उडाला आहे, याची कबुलीच या परिपत्रकात आहे. कामाशी काडीचाही संबंध नसलेली छायाचित्रे पाठवली जातात. जिवंत माणसांऐवजी जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवले जाते. एकच छायाचित्र अनेक हजेरीपटांवर झळकते. पटावरील स्त्री-पुरुषांची संख्या आणि चित्रातील संख्या यांचा मेळ बसत नाही. दुपारचे छायाचित्र तर पुष्कळदा पाठवलेच जात नाही. यावर मंत्रालयाने उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीने शंभर टक्के छायाचित्रे तपासावीत! माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणायचे, आणि यंत्राने दगा दिला की त्याच्यावर पुन्हा माणूस बसवायचा, असा हा कारभार आहे.

या कबुलीनंतर तंत्रज्ञानाच्या पुजाऱ्यांनी पुढचा मंत्र म्हटला नसता तरच नवल. छायाचित्रात फेरफार होतो काय, मग फेरफार ओळखणारे यंत्र आणा. फेरफार झालाच तर मूळ चित्र पुन्हा उभे करणारे शास्त्रही आता उपलब्ध आहे, असे ते सांगतात. हे शास्त्र खरोखरच उपलब्ध आहे, आणि ते थोर आहे. समाजवादी माणसाने विज्ञानाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. परंतु हे शास्त्र काय सिद्ध करते, काय करत नाही आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या ताब्यात असते, हे प्रश्न पुजाऱ्यांच्या मंत्रात येत नाहीत. ते श्रमिकांच्या बाजूने कोणीतरी विचारले पाहिजेत, आणि त्यासाठी आधी हे शास्त्र समजून घेण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

मोबाईलमधून निघणारे छायाचित्र हे समोरच्या दृश्याची जशीच्या तशी नोंद नसते. तो त्या दृश्याचा संक्षेप असतो. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'जेपेग' नावाच्या पद्धतीने हा संक्षेप केला जातो. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातील चौसष्ट बिंदूंच्या जागी चौसष्ट गुणक काढायचे, आणि प्रत्येक गुणकाला ठरावीक आकड्याने भागून जवळच्या पूर्णांकावर आणून ठेवायचे, असा हा हिशेब आहे. डोळ्याला जे बारकावे जाणवत नाहीत ते या पूर्णांकीकरणात गळतात आणि चित्राचा भार एकदम हलका होतो. या सगळ्याच्या मुळाशी असलेले गणित बेंगळुरूत जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन करणारे नसीर अहमद यांचे आहे. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारण्यात आले. तरीही त्यांनी नटराजन आणि राव या दोघा सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये ते सूत्र प्रसिद्ध केले. पुढे 'फोर्जेंट' नावाच्या एका कंपनीने एका जुन्या पेटंटाचा आधार घेऊन जेपेग वापरणाऱ्या कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर उकळले. कष्ट कोणाचे आणि खंड कोण खातो, हा प्रश्न शेतजमिनीपुरता मर्यादित नाही.

संक्षेप म्हटला की काहीतरी गमावणे आले, आणि गमावण्यात कधी कधी बदलणेही येते. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी एका घराचा आराखडा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रातून काढून पाहिला. तीन खोल्यांची क्षेत्रफळे मुळात वेगवेगळी, १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. नकलेत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. आकडे अंधुक नव्हते, पुसट नव्हते, अगदी ठळक आणि सुबक होते, फक्त खोटे होते. हे यंत्र जेपेगहून निराळी पद्धत वापरत होते. सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचे आणि जागोजाग तेच डकवायचे, असा तिचा खाक्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण ज्या देशात सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील एका आकड्यावरून भावाभावांत पिढ्यान्पिढ्या दावे चालतात, त्या देशाने जुनी दप्तरे यंत्रातून काढून मूळ कागद रद्दीत घालण्यापूर्वी ही हकिगत दहादा आठवावी.

आता फेरफार ओळखण्याकडे वळू. पूर्णांकीकरणाने जसे बारकावे गळतात, तसाच त्याचा मागही उरतो. हे समजण्यास उच्च गणिताची गरज नाही. एका कारकुनाने रोजच्या खर्चाचे आकडे जवळच्या पाचाच्या पटीत बसवून वहीत मांडले, असे समजा: ०, ५, १०, १५, २०, २५, ३०. पुढे दुसऱ्या कोणी ती वही उतरवून घेताना तेच आकडे तिनाच्या पटीत बसवले. पाचाचे सहा झाले, दहाचे नऊ. पंधरा तसेच राहिले. विसाचे एकवीस आणि पंचविसाचे चोवीस झाले. ही दुसरी वही हिशेबतपासनिसाच्या हाती आली, तर तिनाच्या पटीतले ३, १२, १८ आणि २७ हे आकडे तीत एकदाही आढळणार नाहीत. खऱ्या खर्चात अशा ठरावीक अंतरावर भोके पडत नसतात. वही एकदा नव्हे, दोनदा लिहिली गेली आहे, हे तपासनिसाने ताडले म्हणून समजा.

छायाचित्राचे अगदी असेच आहे. एकदा संक्षिप्त झालेले चित्र उघडून, त्यात काही बदलून पुन्हा साठवले की गुणकांच्या आकड्यांत अशीच भोके पडतात. एका चित्रातील माणूस कापून दुसऱ्या चित्रात डकवला, तर त्याच्या चौकोनांची जाळी आजूबाजूच्या जाळीशी जुळत नाही आणि त्याच्या आकड्यांची भोके इतरांहून निराळ्या जागी असतात. हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये एक सुटसुटीत युक्ती मांडली: संशयित चित्र वेगवेगळ्या दर्जांवर पुन्हा साठवायचे आणि प्रत्येक वेळी मुळाशी ताडून पाहायचे. डकवलेला तुकडा पूर्वी ज्या दर्जावर साठवला गेला होता, नेमक्या त्या दर्जावर तो भुतासारखा वेगळा उठून दिसतो. कॅमेऱ्याच्या संवेदकाचाही स्वतःचा असा बारीक डाग असतो, हस्ताक्षरासारखा. त्यावरून चित्र कोणत्या कॅमेऱ्याने टिपले, हे सांगता येते.

पण या चौकशीला मर्यादा आहेत, आणि त्या गरिबाच्याच वाट्याला अधिक येतात. चित्र दोनदा साठवले गेले, एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. उजेड वाढवून पुन्हा साठवणाराही दोनदाच साठवतो. व्हॉट्सॲपवरून गेलेले चित्र वाटेत पुन्हा आकसवले जाते, त्याच्यासोबतची वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते आणि जुने माग पुष्कळसे बुजतात. बड्या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराला मूळ संचिका दाखवण्याची सोय असते. खडी फोडणाऱ्या बाईचा अपघात शेजारणीने टिपलेला असतो आणि तो चार हातांतून फिरून पोलिसांपर्यंत पोचतो. जे चित्र सर्वांत निरुपायाने काढलेले असते, नेमके त्याचेच मूळ उरत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग काढला. चोरी झाल्यावर पावले शोधण्यापेक्षा चित्रातच आधी खूण पेरून ठेवायची. नोटेवर किंवा मुद्रांक कागदावर जलचिन्ह असते तसेच हे जलचिन्ह. फरक एवढाच की ते डोळ्यांना दिसत नाही. चित्राला हात लावला की ते मोडते, आणि कोणत्या चौकोनात मोडले यावरून फेरफाराची जागा समजते. १९९९ मध्ये जेसिका फ्रिड्रिख आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी याच्याही पुढे पाऊल टाकले. प्रत्येक चौकोनाचा संक्षेप काढून तो त्याच चित्रातील दूरच्या दुसऱ्या चौकोनात दडवायचा, अशी त्यांची योजना. डावीकडचा चेहरा कोणी पुसला, तरी त्याची भरड नक्कल उजवीकडच्या झाडात लपलेली असते. ती काढून जागेवर बसवता येते. गावातील शहाणी माणसे दस्ताची एक प्रत आपल्या घरात आणि दुसरी सोयऱ्याच्या घरात ठेवत, त्यातलाच हा प्रकार म्हणावा. अडचण अशी की जेपेगचा संक्षेप ही नाजूक पेरणीही उखडून टाकतो. तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील चिंग-युंग लिन आणि शिह-फू चांग यांनी संक्षेपात टिकणारे नाते शोधले: दोन चौकोनांतील एकाच जागेच्या दोन गुणकांपैकी जो मोठा असतो, तो दोन्ही गुणक एकाच आकड्याने भागून पूर्णांकित केल्यावर धाकटा होत नाही. फार तर दोघे समान होतात. या नात्यांवर उभारलेली खूण प्रामाणिक संक्षेप सहन करते आणि अप्रामाणिक बदल उघडा पाडते.

या दुरुस्तीची एक नैतिक बाजू आहे, ती आजच्या काळात मुद्दाम सांगितली पाहिजे. ही दुरुस्ती नवे काही रचत नाही. पुराव्यातच आधी ठेवलेले ती परत काढते, आणि ठेवीची जागाही उद्ध्वस्त झाली असेल तर हात टेकते. तेथे काळा चौकोन राहू देते. उलट, आजकाल बाजारात 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या नावाने जी दुरुस्ती मिळते, ती अंधुक चेहऱ्याच्या जागी दुसराच स्पष्ट चेहरा रचून देते. २०२४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एका न्यायालयाने खुनाच्या खटल्यात असे 'सुधारलेले' चित्रण पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला, तो योग्यच होता. 'दिसत नाही' असे म्हणण्याचे धैर्य पुराव्यात असावे लागते.

एवढे मान्य केल्यावर पुजाऱ्यांना विचारायचा पहिला प्रश्न असा. जलचिन्ह काय सांगते? टिपल्यापासून हे चित्र बदललेले नाही, एवढेच. टिपताना भिंगासमोर काय होते, हे ते सांगत नाही. मंत्रालयाच्या परिपत्रकातील छायाचित्राचे छायाचित्र हे जगातील कोणत्याही जलचिन्हाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. कारण त्यात फेरफार झालेलाच नाही. एका कागदाचे किंवा पडद्याचे ते अस्सल चित्र आहे! एकच अस्सल चित्र दहा हजेरीपटांना जोडले, तरी चित्राचा एक बिंदूही हललेला नसतो. खोटेपणा चित्रात नसून पटाशी जोडलेल्या नात्यात असतो. जो रोग आहे त्यावर हे औषधच नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. जलचिन्ह पेरण्यास आणि तपासण्यास किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे एक गुप्त आकडा. जुन्या, सोप्या पद्धतींत पेरणारी आणि तपासणारी किल्ली एकच असते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्याला तपासता येते, त्याला बनवताही येते; आणि ज्याच्याकडे किल्ली नाही, त्याला दोन्ही करता येत नाही. मजूर आणि सरकार यांच्यात तंटा उभा राहिला, तर अशा पद्धतीत सरकारच पक्षकार, सरकारच साक्षीदार आणि सरकारच तज्ज्ञ ठरते. यावर उपाय नाही असेही नाही. पिंग वाह वाँग यांनी १९९८ मध्येच दोन किल्ल्यांचे जलचिन्ह मांडले: खासगी किल्लीने शिक्का मारायचा आणि जाहीर किल्लीने कोणीही तो पडताळायचा. दोनच वर्षांत हॉलिमन आणि नासिर मेमन यांनी दाखवून दिले, की प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे मुद्रांकित केला तर अनेक अस्सल चित्रांतील चौकोनांची गोधडी शिवून खोटे चित्र उभे करता येते. मग त्यावरही तोड निघाली. पद्धत उघड होती म्हणून तिचे दोष उघडे पडले आणि सुधारले. गुप्त ठेवलेल्या पद्धतीचे दोष फक्त चोराला ठाऊक असतात.

महाराष्ट्राला हे परक्यांकडून शिकण्याची गरज नव्हती. मुद्रांक कागदावरील जलचिन्हावर या राज्याचा केवढा भरवसा! तेलगीने त्या कागदाची नक्कल बाहेर कोठे बसून केली नाही; नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून मोडीत काढलेली यंत्रेच त्याने पदरात पाडून घेतली. चिन्ह पक्के होते. ते राखणारे कच्चे निघाले.

आणि सरकार स्वतः फेरफार करत नाही काय? डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला असता पंतप्रधान विमानातून पाहणी करत असल्याचे एक छायाचित्र केंद्राच्या पत्रसूचना कार्यालयाने प्रसृत केले. खिडकीतील दृश्यावर दुसरेच स्वच्छ दृश्य चिकटवलेले होते. लोकांनी ते हसत हसत पकडले, कार्यालयाने ते मागे घेतले आणि दोन चित्रे एकत्र केल्याचे मान्य केले. फेरफार ओळखण्यास तेथे कोणत्याही यंत्राची गरज पडली नाही, कारण मूळ चित्रही लोकांपुढे होते. ही खोड एका पक्षाची किंवा एका राजवटीची नव्हे. समाजवादाचे नाव घेऊन चाललेल्या स्टालिनच्या राजवटीने ५ मे १९२० च्या लेनिनच्या सभेच्या छायाचित्रातून व्यासपीठाजवळचे ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह पुसले, आणि पुढे मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभा असलेला येझोव्हही पाण्यात विरघळवला. जगाला हे कळले, ते मूळ प्रती अन्यत्र उरल्या म्हणून. मूळ ज्याच्या एकट्याच्या ताब्यात असते, त्याने केलेला फेरफार सिद्ध होत नसतो. हा धडा डाव्यांनी तर कधीच विसरू नये.

आता कायद्याकडे पाहा. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला, असा दावा होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील सरकारी चित्रण हाच त्याचा पुरावा. चित्रणासोबत कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र मात्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिले नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्राची सक्ती कायम ठेवली. परंतु पक्षकाराने शक्य ते सर्व प्रयत्न करूनही संबंधित कार्यालय ते देत नसेल, तर त्याची शिक्षा पक्षकाराला देता येणार नाही, असेही स्पष्ट केले. ही सवलत मिळवण्यासाठी आमदारकी लढवणाऱ्या मातब्बर माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे आणि त्यात संचिकेचा गणिती ठसा नोंदवायचा आहे. ठसा नोंदवणे योग्यच आहे. पण मेळघाटातील मजुराने हा तज्ज्ञ आणायचा कोठून, आणि त्याची फी कोणत्या मजुरीतून भागवायची? याच सुमारास, २० डिसेंबर २०२४ रोजी, निवडणूक नियमांत दुरुस्ती करून मतदान केंद्रांवरील चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी नागरिकांच्या तपासणीबाहेर काढण्यात आल्या. पुढे ३० मे २०२५ च्या सूचनेने, निवडणूक याचिका दाखल नसेल तर हे चित्रण ४५ दिवसांनंतर नष्ट करण्याची मुभा देण्यात आली. मजुराचे चित्र दिवसातून दोनदा घ्यायचे आणि सत्तेचे चित्र दीड महिन्यात पुसायचे, ही कोणती समानता?

बाजाराकडून आशा ठेवणाऱ्यांसाठीही चार शब्द. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी आदींनी एकत्र येऊन छायाचित्राच्या उगमाचा स्वाक्षरीबंद दाखला जोडण्याचे मानक तयार करण्यास प्रारंभ केला. मानक उघड आहे, ही चांगली गोष्ट. परंतु असा दाखला जन्मतःच देणारा पहिला कॅमेरा २०२३ मध्ये लायका कंपनीने आणला, तो नऊ हजार डॉलरांच्या घरातला! पुढे हे तंत्र स्वस्त होईल, मोबाईलमध्येही येईल. त्या दिवसापर्यंत आणि त्या दिवसानंतरही दाखला नसलेले चित्र संशयास्पद ठरत जाईल, आणि दाखला नसलेली चित्रे कोणाची असतील, हे सांगावयास नको. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सत्याची पडताळणी ही सार्वजनिक वस्तू आहे, रस्त्यावरच्या दिव्यासारखी. तिला दुकानात मांडले की प्रकाश फक्त गिऱ्हाइकाच्या अंगणात पडतो.

यावर काही मित्र असे म्हणतील, की मग ही सगळी यंत्रे फेकून द्या. आता कोणत्याच चित्रावर विश्वास ठेवता येत नाही. हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक वाटतो. प्रत्यक्षात तो जुलमी माणसाच्या सर्वांत सोयीचा आहे. लाठीमाराचे खरे चित्रणही 'बनावट आहे' म्हणून उडवून लावण्यास त्याला हेच हवे असते. गरिबाकडे मोबाईलवरचे एक छायाचित्र हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. पुराव्याची भाषाच मोडीत निघाली तर श्रीमंताचे वकील उरतात आणि गरिबाचे काहीच उरत नाही. म्हणूनच फेरफार ओळखण्याचे शास्त्र श्रमिकांनी आपलेसे केले पाहिजे. भांडण शास्त्राशी नाही, किल्लीच्या मालकीशी आहे.

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती आकाराला आली, १९७२ च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खोट्या मस्टरची तक्रारही तितकीच जुनी. त्यावरचा परिणामकारक उपाय राजस्थानातील मजूर-किसान संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथील जनसुनावणीत दाखवला. मस्टर मिळवले, गावासमोर मोठ्याने वाचले. मेलेली माणसे मजुरी उचलत होती, गावात नसलेली माणसे माती वाहत होती, आणि ज्यांच्या नावे पैसे निघाले होते ती माणसे समोर बसून 'आम्हाला मिळाले नाहीत' म्हणत होती. फेरफार ओळखला गेला, जागा निश्चित झाली, आणि दुरुस्तीसाठी लागणारी मूळ प्रत लोकांच्या आठवणीत शाबूत होती. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यामागे या सुनावण्यांची पुण्याई आहे. छायाचित्राच्या हजेरीने नेमकी हीच प्रक्रिया उलटी केली. गावाने वाचायचा कागद दूरच्या संगणकात गेला, आणि नंदुरबारच्या डोंगरात संपर्क मिळाला नाही म्हणून मजुराचा दिवस बुडू लागला. स्वतःच्या पैशाने घेतलेला मोबाईल उंचावून मेटबाई टेकडीवर चढते, हे दृश्य कोणत्याही हजेरीपटावर येत नाही. २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर मजूर धरणे धरून बसले, ते याही कारणासाठी.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. शंभराचे सव्वाशे दिवस कागदावर झाले, खर्चाचा चाळीस टक्के भार बहुतेक राज्यांवर आला, आणि बायोमेट्रिक ओळख, मोबाईलवरील देखरेख व कृत्रिम बुद्धिमत्तेने गैरव्यवहार हुडकणे यांवर आणखी जोर देण्यात आला. अशा वेळी श्रमिक संघटनांनी मागण्या नेमक्या ठेवल्या पाहिजेत. हजेरीचे छायाचित्र घ्यायचेच असेल, तर त्यावर दोन किल्ल्यांचा शिक्का असावा आणि पडताळणीची जाहीर किल्ली प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेली असावी. पडताळणीची पद्धत आणि तिचे संगणकीय सूत्र उघड असावे, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही ते तपासू शकतील. छायाचित्र आणि त्याचा ठसा यांची प्रत त्याच दिवशी मजुराच्या हाती किंवा त्याच्या संघटनेकडे जावी. मूळ नोंद सामाजिक लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत नष्ट करता येऊ नये. फेरफार झाला की नाही याचा पुरावा देण्याची जबाबदारी नोंद बाळगणाऱ्या कार्यालयावर असावी आणि तज्ज्ञाचा खर्च त्यानेच सोसावा. महिन्याचे मस्टर ग्रामसभेत नावानिशी वाचले जावे. चित्र आणि गावाची साक्ष यांत विरोध आला, तर गावाची साक्ष खोडण्याचा भार यंत्रावर असावा. आणि छायाचित्र पोचले नाही, अंधुक आले किंवा यंत्राने संशयास्पद ठरवले, एवढ्या कारणावरून काम केलेल्या कोणाही मजुराची मजुरी एक दिवससुद्धा अडवली जाणार नाही, ही तरतूद नियमांत पहिल्या क्रमांकावर आली पाहिजे.